गाडी न येणारा रस्ता

मोहाच्या फुलांचा वास गोड असतो असं जे लिहितात, त्यांनी ती फुलं एकदा घरात वाळत घालून त्याच घरात झोपून पाहावं. डोकं चढतं. कपड्याला, माठातल्या पाण्याला, भाकरीला, सगळ्याला तो वास चिकटतो. गिरजा, माझी बायको, म्हणायची, "न पेताच पेल्यावानी होते बाप्पा." यंदा मी फुलं वेचली नाहीत. तरी वास यायचा तो आलाच. कोणाच्या घरात कोण उरलं, हे झाड विचारत नाही.

फागुन सरत आला की आमच्या डोंगरावर दोन गोष्टी होतात. मोह गळतो आणि रस्ता सुटा होतो. पावसानं बसलेला मुरूम उन्हानं मोकळा पडतो, पायाखाली करकरतो, उतारावर ज्वारीच्या दाण्यासारखा घरंगळतो. लाल रस्ता. दोन्ही बाजूंनी साग, पण ह्या दिवसांत सागाला पान नसतं, नुसते खांब. त्या खांबांमधून माझ्या ओट्यावरून रस्त्याची वरची वळणं दिसतात. खालची दिसत नाहीत, ती ऐकावी लागतात.

आमचं गाव डोंगराच्या माथ्यावर. कारंज्याच्या बाजूचे हे डोंगर. फार उंच नाहीत म्हणतात, पण चढणाऱ्याला विचारा. खाली पायथ्याला मोठं गाव आहे. संत्र्याच्या बागा, डांबरी सडक, एसटी, दवाखान्याची गाडी, सगळं तिथपर्यंत. तिथून वर फक्त मुरूम. जंगलखात्यानं कधी काळी लाकूड उतरवायला खोदलेला. लाकूड बंद झालं, रस्ता राहिला. त्यावर बैल चालतो, माणूस चालतो, सायकल चालते. फटफटी उन्हाळ्यात कशीबशी चढते. चारचाकी चढत नाही. चढली तर नाल्यात बसते.

आणि आता हाच रस्ता लोकांना आवडायला लागला आहे. सुट्टीच्या दिवशी वर्ध्याहून, नागपूरहून सायकलवाले येतात. जाड चाकं, डोक्यावर टोप्या, घट्ट चड्ड्या. आमच्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. हे लोक सायकली गाडीच्या टपावर बांधून पायथ्यापर्यंत आणतात आणि तिथून सायकलवर बसतात. गाडीतून उतरायचं आणि इथं गाडी नाही म्हणून खूश व्हायचं. मी एकाला तोंडावर म्हटलं तसं, तर तो हसला. चांगली माणसं आहेत. कचरा टाकत नाहीत. पाणी मागतात तर हात जोडून मागतात. त्यांच्या सायकलीचे ब्रेकही चांगले, चिमटीत धरल्यासारखं चाक थांबतं.

त्यांच्यात एक तृप्ती म्हणून आहे, बँकेत नोकरीला. वर आली की माझ्याच ओट्यावर बसते. परवा म्हणाली, "काका, असा रस्ता आता कुठे राहिलाच नाही हो. गाडी नाही, हॉर्न नाही. नुसता चाकाखालचा मुरूम ऐकू येतो."

"हाव," म्हटलं, "दवाखान्याच्या गाडीचा भोंगाबी नाई ऐकू येत."

तिनं पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. तिला गिरजाचं कोणी सांगितलं नव्हतं. मग मीच सांगितलं, थोडक्यात. मला लांबवून सांगता येत नाही. शाळा चौथीपर्यंत, आणि बोलणंही तेवढंच.

गोष्ट अशी आहे की येत्या रविवारी आमच्या गावात सभा आहे. पंचायतीनं विचारलं आहे, डांबर पाहिजे की मुरूमच ठेवायचा. सायकलवाल्यांचं म्हणणं, रस्ता असाच ठेवा. ते पाट्या लावतील, दरसाल मुरूम दाबून देतील, लोक येतील, राहतील, जेवतील, गावाला काम मिळेल. खोटं नाही ते. दोन घरांनी चहा-पोह्यांचं सुरूही केलं आहे. आणि डांबरानं काय होतं तेही आम्ही पाहिलं आहे. पलीकडच्या डोंगराला सडक गेली, सडकेमागून गिट्टीची खदान गेली. आता त्या डोंगराला एक खांदा नाही. धमाका झाला की इथं गाय दूध चोरते.

गाव अर्धं इकडं, अर्धं तिकडं. आणि आमच्यात रीत आहे की सभेत सगळ्यात म्हातारा माणूस शेवटी बोलतो आणि त्याच्यामागून कोणी बोलत नाही. भांडण तिथं संपतं. चूक असो, बरोबर असो, संपतं. ती जागा इतकी वर्षं मडावीबुवाची होती. तो गेला. आता ती जागा माझी.

म्हणून यंदाचा मोह मला नीट झोपू देत नाही. रोज कोणी ना कोणी येऊन ओट्यावर बसतं आणि दुसरीकडं पाहत विचारतं.

"बुढा काय म्हनते मंग?"

"बुढा काई म्हनत नाई."

"मंग कदी म्हनन?"

"रविवारी."

"आमाले तं सांगून ठेव."

"तुमाले सांगतलं तं रविवारी काय सांगू? भजन म्हनू?"

हसून उठतात. पण जाताना रस्त्याकडं पाहतात. त्यांचीही झोप गेलेलीच आहे.

माझी मुलगी सुनंदा वर्ध्याला सिंदी मेघेत राहते. तिचा फोन येतो. "बाबा, त्याच्यात इचार कायले पाहिजे? आई रस्त्यात गेली. रस्त्यात! अजून काय पाह्यचं राह्यलं तुमाले?" मी म्हणतो, "आवाज तुटून राह्यला बाई." आवाज तुटत नसतो.

तिला कसं सांगावं, कळत नाही. ती तेव्हा पाळण्यात होती.

असाच मोह गळत होता. आमच्याकडं गवळाऊ गाई होत्या, पांढऱ्या, डोंगराच्या. दूध खाली नेईपर्यंत उन्हानं नासतं, म्हणून आम्ही वरच खवा करायचो. सकाळी कढई चढवायची, गिरजा खुरपीसारख्या पळीनं तळ खरडत बसायची, तिचं तोंड लाल व्हायचं. ऊन कललं की डबा सायकलला बांधून मी पायथ्याच्या हलवायाकडं न्यायचो. लगनसराईत त्याला खवा रोज लागायचा. एका दिवसाचा नागा झाला, खवा पोचला नाही, की तो दुसरा माणूस पाहणार. आणि नेमका त्या वर्षी मी घराचे कवेलू फेरताना छपरावरून खाली आलो. नडगी मोडली. पाय प्लास्टरात.

गिरजानं मला विचारलं नाही. सायकल घेतली आणि आखरावर गेली, गाई बसतात त्या मैदानात. लुगड्याचा काष्टा आवळला, दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकायला लागली. पडायची, उठायची. बाया ओरडायच्या, "गिरजे, त्या सायकलीले तुह्या नवऱ्याचं हाड पुरलं नाई काय वं?"

"त्यायचं हाड कवेलूनं मोडलं," ती तिथूनच ओरडायची. "माह्या सायकलीचं नाव नोका घेऊ."

माझी सायकल तोवर 'माझी सायकल' झाली होती. तिची.

रस्त्यावर गाडी नव्हती म्हणून ती शिकली. मागून भोंगा नाही, समोरून धूळ नाही, पाहणारा नाही, हसणारा नाही. सडकेवर ती कधी बसलीच नसती. हे मला विसरता येत नाही, आणि रविवारच्या सभेत नेमकं हेच मध्ये येतं.

आता फांदीचं सांगतो. मुरमाच्या उतारावर भरल्या डब्याची सायकल साध्या ब्रेकला ऐकत नाही. ब्रेक दाबला की चाक थांबतं, सायकल जातच राहते. म्हणून आम्ही कॅरिअरला मागं धावड्याची डहाळ्यांसकट फांदी बांधायचो. ती घसटत येते, ओढ धरते. तिचा आवाज होतो. खर्रर. दुसरा कसलाच आवाज नसलेल्या डोंगरात तो केवढा तरी मोठा वाटतो.

मी ओट्यावर, पाय समोर लांब केलेला, हातात पाळण्याची दोरी. गिरजा निघाली की माझे कान निघायचे. आंब्याच्या वळणापर्यंत ती दिसायची. मग पळसमोड, पळसाचं वळण, तिथं आवाज जरा पातळ व्हायचा. मग नाला, तिथं एक क्षण थांबायचा, ती उतरून सायकल हातानं काढायची, आणि पुन्हा खर्रर. शेवटी सपाटी. सपाटीवरून पायथ्याच्या मंदिराचा झेंडा दिसतो. तिथं आवाज बंद, म्हणजे तिनं फांदी सोडली, म्हणजे पोचली. मग मी दोरी ओढायचो. तोवर सुनंदा रडली तरी मला ऐकू यायचं नाही.

सपाटीच्या पुढंही एक छोटा उतार आहे. तरी सगळे फांदी सपाटीवरच सोडतात. गाव दिसलं की फांदी सुटते, ही आमची डोंगरच्या लोकांची खोड. फांदी घसटत गावात गेलं की लोकांच्या अंगणात धूळ जाते, लोक शिव्या देतात. आणि गिरजाला तर पायथ्याचे पोट्टे ओरडायचे, "शेपटीवाली आली! शेपटीवाली आली!" बाई सायकलवर, आणि वर मागं शेपूट. ती मला सांगून हसायची, पण हसणं वरवरचं होतं. मग ती फांदी आधी सोडायला लागली. सपाटीच्या आधी. मग त्याच्याही आधी.

एक दिवस आवाज पळसमोडाच्या जरा खाली बंद झाला. नाल्याच्या आधी.

मी वाट पाहिली. उतरली असेल, म्हटलं. डबा नीट बांधत असेल. पाणी पीत असेल. डोंगर नुसता तापत होता. एक होला घुमत होता, त्याला दगड मारावासा वाटला. मी तिच्या नावानं ओरडलो. माझाच आवाज खाली गेला आणि परत आला नाही. ज्या रस्त्यावर गाडी नाही, त्या रस्त्यावर पडलेल्याला उचलणारंही कोणी नाही. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. नंतर पुन्हा एकदा समजायचं होतं, पण ते मला माहीत नव्हतं.

पाळणा शेजारणीच्या हवाली केला. काठी घेतली. प्लास्टरचा पाय मुरमावर टेकला की घसरे, म्हणून उताराला मी बसून सरकत गेलो, पोर सरकतं तसा. धोतराचं काय झालं ते सांगत नाही.

ती वळणाच्या खाली चरीत बसली होती. सायकल एकीकडं, चाक वाकडं झालेलं. कोपर सोललेलं, कपाळावर रक्त, आणि मांडीवर डबा. सरळ. झाकण बंद.

मला पाहून म्हणाली, "खवा सांडला नाई."

मी काठी टाकून तिच्याजवळ सरकलो.

"तुमी काऊन आले?" ती म्हणाली. "आता तुमाले वर कोन नेईन?"

"फांदी कायले सोडली वं बह्याड?"

"ते पोट्टे हासतेत."

"इथून दिसते काय पोट्टे?"

तिनं खाली पाहिलं. झाडंच झाडं. मग ती हसायला लागली, कपाळावरचं रक्त पुशीत, आणि मी रडायला लागलो. असं उलटं झालं.

दोघंही उठू शकत नव्हतो. कोणी येईल म्हणून बसलो. कोणी आलं नाही. सावली आमच्यावरून सरकून रस्त्याच्या पलीकडं गेली. भीती गेली की माणसाला जी भूक लागते, ती लागली. तिनं डब्याचं झाकण काढलं. विकायचा खवा आम्ही कधी बोटाला लावून चाटला नव्हता. त्या दिवशी खाल्ला, मुठीनं, धुळीच्या हातानं. "हलवायाले सांगू, सायकल पंक्चर झालती," ती म्हणाली. संध्याकाळच्या सुमाराला मडावीबुवा बंडी घेऊन वर आला. आम्हाला पाहून त्यानं बैल थांबवले, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "वा. आता सायकल मीच चालवतो, तुमी दोघं बैल हाका."

बरी झाल्यावर गिरजा पुन्हा सायकलवर बसली. मात्र फांदी तिनं थेट हलवायाच्या दारापर्यंत नेली. पोट्टे ओरडले तर म्हणायची, "हाव, शेपटीवाली. याले भेव वाटते काय रे?"

आता तृप्ती म्हणते, रस्ता शांत आहे. शांत आहे. त्या शांततेत मी एक अख्खा हंगाम कान लावून बसलो होतो. तिला त्यात पाखरं ऐकू येतात. मला आवाज कुठं थांबतो, ते ऐकू येतं.

गेल्या भादव्यात गिरजाच्या छातीत दुखायला लागलं. दिवसाउजेडी. फोन लागला, दवाखान्याची गाडीही लगेच निघाली आणि पायथ्याशी थांबली. ड्रायव्हरचं चुकलं नाही. नाल्यावरचा मुरूम वाहून गेला होता, तिथं बैलही बसला असता. चौघांनी खाट उचलली. मडावीबुवाचा नातू पुढं होता. मी बाजूनं छत्री धरून. पाऊस आडवा.

"छत्री तुमच्यावर धरा," ती म्हणाली. "माह्या अंगावर प्लास्टिक हाय."

तेवढंच. मग मी रस्त्याकडं पाहत चाललो, घसरू नये म्हणून. नाला ओलांडला. खाटेवाले घाई करत होते, एकमेकाला ओरडत होते, "डावीकून, डावीकून धर." मग ते ओरडायचे थांबले आणि त्यांची पावलं हळू झाली. त्यांना खांद्याला आधी कळलं. मला पावलांवरून कळलं.

सुनंदाचं बरोबर आहे. विचार कशाला पाहिजे?

पण ती शहरात राहते. मी ह्या रस्त्यावर राहतो. आंब्याचं वळण आलं की तिथं गिरजा मागं वळून पाहायची, अजून पाहते. पळसमोडाखालची चर अजून आहे. मी आठवड्यातून एकदा सायकल हातात धरून तिथपर्यंत जातो, बसतो, येतो. डांबर आलं की चरी बुजवतात, वळणं कापून सरळ करतात. मग ती कुठं पाहील मागं वळून? हे सभेत बोलायचं नाही. हे कोणाला बोलायचं नाही. लिहितो आहे फक्त.

मडावीबुवाच्या त्याच नातवाची बायको मंगला. तिला दिवस भरत आले आहेत. आमच्याकडं बाईचे दिवस भरायला आले की तिला आधीच खाली पायथ्याला कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवतात. कोणाच्या तरी ओसरीत, कोणाच्या तरी चुलीवर, परक्याचं पाणी. कोणी वाईट वागवत नाही, पण कोणी विसरूही देत नाही. मंगलाची सासू मला म्हणाली, "नेतो सोमवारी." मंगला बाजूला शेणानं सारवत होती. तिनं वर पाहिलं नाही.

रविवार आला. चिंचेखाली सतरंज्या टाकल्या. पायथ्याहून सरपंच आले. सुनंदा सकाळच्या एसटीनं येऊन डोंगर चढून आली, तिचा चेहरा लाल, आणि माझ्यापासून लांब जाऊन बसली. तृप्ती आणि तिचे दोन सोबती सायकली झाडाला टेकवून कडेला बसले.

चहा-पोहेवाले बोलले. खदानीची भीती असलेले बोलले. डांबरवाले उभं राहून बोलले. "उद्या तुह्या बापाले छातीत दुखलं तं सायकलवर नेशीन काय?" "अन् डोंगर फोडला तं तुह्या गाई काय डांबर चरतीन?" दोघंही खरे होते. म्हणून आवाज वाढत गेला. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी उठलो. गुडघे वाजले.

"शेवटचं बोलनं माह्यं हाय," मी म्हटलं. "पन मले आता ह्या रस्त्यानं खाली काई न्याचं नाई. जे न्याचं होतं ते नेलं. जिले सगळ्यात आधी हा रस्ता लागनार हाय, माह्यं बोलनं तिचं. मंगला, बोल पोरी."

कोणीतरी म्हणालं, "बुढ्याले ऊन लागलं." कोणी म्हणालं, "सूनबाई बोलन शेवटचं? रीत हाय काय हे?" मंगलाचा नवरा स्वतःच्या पायाकडं पाहत राहिला. मला वाटलं आता सासू तिचा हात धरून बसवूनच ठेवते. पण तिनं सुनेच्या पाठीला धक्का दिला. "उठ वं. बुढ्यानं देल्लं तं घे."

मंगला चिंचेच्या खोडाला हात लावून उठली. पदर डोक्यावरून सरकला, तिनं तो ओढला नाही. तिचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. जाड निघाला.

"मले खाटीवर नाई जायचं," ती म्हणाली. "मले गाडीत बसून जायचं हाय."

थांबली. मग तृप्तीकडं पाहून म्हणाली, "ताई, तुमीबी येत राहा. गाडी आली तं बाजूले होजा."

पुढचे हसले. मागचेही हसले. तृप्तीनं मान खाली घातली होती ती वर केली आणि तीही हसली, तिला ते सोपं गेलं नाही. त्यानंतर कोणी बोललं नाही. रीत होती. सरपंचांनी डांबर लिहून घेतलं, कागद गुंडाळले. खदानवाले येतील का? येतील. मग त्यांच्याशी भांडू. त्यालाही सभा लागेल, तेव्हा मी असेन किंवा नसेन.

सुनंदानं माझं कोपर धरलं आणि आम्ही घराकडं निघालो. लोक मागं राहिले तसं ती म्हणाली, "बाबा, तुमीच काऊन नाई बोलले? दोन शबुद तं होते."

खोटं बोलायचं वय गेलं. "मी बोललो असतो," म्हटलं, "तं मुरूम म्हटलं असतं."

तिनं माझं कोपर सोडलं.

आम्ही तसेच चालत राहिलो, ती एका कडेनं, मी दुसऱ्या. उतार आला. तिनं हात पुढं केला आणि पुन्हा धरलं.